अटलांटिक महासागर एकट्याने वल्हवत पार करण्यासाठी अर्ज: पात्रता, प्रमाणपत्रे आणि कागदपत्रे

कॅनरी बेटांपैकी ला गोमेरा येथून कॅरिबियनमधील अँटिग्वापर्यंतचे सुमारे ४,८०० किलोमीटर अंतर केवळ वल्ह्यांच्या बळावर कापण्याची ‘वर्ल्ड्स टफेस्ट रो’ ही स्पर्धा डिसेंबरात, म्हणजे चक्रीवादळांचा हंगाम संपल्यावर आणि व्यापारी वारे स्थिरावल्यावर सुरू होते. तिच्यात एकट्याने उतरता येते. बेंगळुरूत जन्मलेल्या अनन्या प्रसाद यांनी ११ डिसेंबर २०२४ रोजी निघून ५२ दिवसांत हे अंतर एकट्याने पार केले, तेव्हापासून अनेकांच्या मनात हा विचार येत असेल. त्यांच्यासाठी ही माहिती.

पात्रतेसाठी वल्हवण्याच्या खेळातील पूर्वानुभवाची अट नाही. वयाचे म्हणाल तर २०१९ मध्ये १८ वर्षांच्या एका तरुणाने हाच मार्ग एकट्याने पूर्ण केला आहे. प्रवेशाची नोंदणी आयोजकांकडे करावी लागते आणि शुल्क हप्त्यांनी भरता येते. भारतातून पैसे पाठवणाऱ्यांनी पॅन तयार ठेवावे, आणि रिझर्व्ह बँकेच्या योजनेनुसार एका आर्थिक वर्षात व्यक्तीमागे २,५०,००० डॉलरची मर्यादा असते, हे होडीच्या खरेदीचा हिशेब मांडतानाच ध्यानात घ्यावे.

खरी कसोटी प्रमाणपत्रांची आहे. ब्रिटनच्या रॉयल यॉटिंग असोसिएशनचे नौकानयनाची मूलतत्त्वे, समुद्रातील जीवरक्षण, प्रथमोपचार आणि व्हीएचएफ रेडिओ (आसपासच्या जहाजांशी बोलण्याचा) हे चार अभ्यासक्रम पूर्ण करावे लागतात. जीवरक्षणाच्या वर्गात जीवरक्षक जाकीट घालून पाण्यातून उलटलेला तराफा सरळ करायला आणि त्यात चढायला शिकवतात. प्रथमोपचाराचे प्रमाणपत्र तीनच वर्षे चालते, त्यामुळे ते फार आधी घेऊन ठेवू नये. रेडिओच्या बाबतीत एक घोटाळा हमखास होतो: रेडिओ चालवणाऱ्याचे प्रमाणपत्र वेगळे आणि होडीवरील रेडिओचा परवाना वेगळा, आणि दोन्ही लागतात.

याशिवाय स्वतःच्या होडीत समुद्रावर ठरावीक तास वल्हवल्याची नोंदवही सादर करावी लागते व त्यातील काही तास रात्रीचे असावे लागतात. माझ्या मते एकट्याने जाणाऱ्याने आवश्यक तासांवर थांबू नये. जोडीने जाणाऱ्यांपैकी एक झोपतो तेव्हा दुसरा पहारा देतो. एकट्या माणसाला होडी वाऱ्यावर सोडून, जहाजांच्या इशाऱ्याचे यंत्र चालू ठेवून झोपावे लागते, आणि अंधारात तो गजर वाजल्यावर काय करायचे हे किनाऱ्याजवळच अंगवळणी पडलेले बरे.

होडीची तपासणी ला गोमेरात निघण्यापूर्वी होते. उलटल्यावर आपोआप सरळ होणारी रचना, तराफा, समुद्री नांगर म्हणून सोडायची छत्री, खारे पाणी गोडे करणारे यंत्र व ते बिघडल्यास हाताने चालणारा पंप, वल्हवणाऱ्याला होडीशी बांधून ठेवणारा पट्टा, अन्नसाठा आणि औषधपेटी हे सारे निरीक्षक एकेक करून पाहतात. वाटेत अन्न, पाणी किंवा अन्य बाह्य मदत घेतल्यास सफर विनासाहाय्य गणली जात नाही, म्हणून साठ्याची यादी कागदावरही बिनचूक हवी. संकटसूचक बीकन ४०६ मेगाहर्ट्झवर संदेश पाठवतो आणि ज्या देशाचा संकेतांक त्यात भरलेला असतो त्या देशात त्याची नोंदणी करावी लागते. भारतीय संकेतांकाच्या बीकनसाठी इस्रोचे बेंगळुरू येथील केंद्र हे काम पाहते. नोंदणीत होडीचे वर्णन आणि घरच्या दोन माणसांचे चालू दूरध्वनी क्रमांक द्यावेत, कारण संदेश आल्यावर शोधपथक पहिली विचारणा त्यांच्याकडेच करते.

भारतीय पारपत्रावर जाणाऱ्यांना स्पेनसाठी शेंगेन व्हिसा लागतो. त्याचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि त्यासाठी किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा दाखवावा लागतो. हा विमा सागरी सफरीला पुरत नाही. शोध, सुटका आणि होडीची नुकसानभरपाई यांचे संरक्षण स्वतंत्रपणे घ्यावे. अँटिग्वाचा व्हिसाही निघण्यापूर्वीच हाती असावा, कारण पोहोचण्याची तारीख वारा ठरवतो आणि समुद्रातून अर्ज करता येत नाही. त्याची मुदत मागताना आपल्या अंदाजापेक्षा किमान महिनाभर अधिक धरावा.