टकटक, मग शांतता: हार्ड डिस्कच्या इशाऱ्यांची पार्श्वभूमी

हार्ड डिस्क जायला लागली, हे बहुतेकांना आधी कानाने कळतं. एरवी नुसती घरघरणारी डिस्क मध्येच ‘टक्’ करते, थांबते आणि पुन्हा ‘टक् टक्’. हा आवाज आतल्या हेडचा, म्हणजे फिरत्या तबकडीवरून डेटा वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या भागाचा. आपण तबकडीवर नेमके कुठे आहोत हे सांगणाऱ्या खुणा हेडला वाचता आल्या नाहीत, की ते कडेला परत जातं आणि पहिल्यापासून प्रयत्न करतं. दर फेरीला एक टक्. अशा वेळी ‘अजून एकदा चालू करून बघू’ म्हणणं सगळ्यात महागात पडतं, कारण खराब हेड दर फेरीत तबकडी आणखी खरवडू शकतं.

हे दुखणं तिच्या घडणीतच आहे. 1956 साली आयबीएमने कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेमध्ये रॅमॅक या यंत्रासाठी पहिली हार्ड डिस्क बनवली. 24 इंच व्यासाच्या 50 तबकड्या, वजन टनाच्या घरात, आणि मावायची ती 50 लाख अक्षरं; म्हणजे आज मोबाइलवर काढलेला एखाद-दुसरा फोटो. हेड तबकडीला घासू नये म्हणून तिथे कॉम्प्रेसरने हवा सोडावी लागे. पुढे फिरत्या तबकडीबरोबर वाहणाऱ्या हवेच्या थरावरच हेड तरंगवायची युक्ती सापडली आणि मधली फट कमी होत होत काही नॅनोमीटरवर आली. आपला केस त्याच्या हजारो पट जाड असतो. धुळीचा कणही त्या फटीत मावत नाही. घरी टेबलावर स्क्रू काढून ‘आत काय झालंय ते बघू’ म्हणणाऱ्यांना हे सांगून पटत नाही.

आयबीएमच्या 1973 च्या विंचेस्टर डिस्कपासून आणखी एक गोष्ट बदलली: तबकडी थांबली की हेड तिच्यावरच उतरू लागलं. त्यासाठी हेड हलकं केलं, तबकडीला वंगण दिलं. तरी सुरुवातीच्या कित्येक पीसींमध्ये मशीन हलवण्याआधी ‘पार्क’ ही कमांड देऊन हेड रिकाम्या जागी नेऊन ठेवावं लागे. विसरलात आणि टेबलाला धक्का लागला, की बॅड सेक्टर, म्हणजे तबकडीवरचा वाचता न येणारा तुकडा.

हरवलेला डेटा परत मिळवायची गोष्ट मात्र यंत्र बिघडण्यापासून नव्हे, माणसाच्या चुकीपासून सुरू होते. पीटर नॉर्टन या अमेरिकी प्रोग्रामरच्या हातून एक फाइल चुकून डिलीट झाली आणि ती परत आणायला त्यांनी ‘अनइरेज’ लिहिलं. 1982 च्या नॉर्टन युटिलिटीजमधला तो मुख्य प्रोग्राम. डॉस, म्हणजे तेव्हाच्या पीसींची ऑपरेटिंग सिस्टिम, फाइल पुसायचा म्हणजे यादीतल्या नावाचं पहिलं अक्षर बदलायचा आणि तिची जागा मोकळी म्हणून नोंदवायचा. मजकूर जागेवरच असे, त्याच्यावर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत. म्हणून ‘डिलीट झालं? मग त्या डिस्कवर काही सेव्ह करू नका’ हा सल्ला तेव्हापासूनचा आहे. एसएसडीवर, म्हणजे तबकडीऐवजी चिपवर डेटा ठेवणाऱ्या डिस्कवर, तो बऱ्याचदा लागू पडत नाही. ट्रिम (कोणती जागा पुसली ते एसएसडीला कळवणारी सोय) चालू असेल तर पुसलेली जागा ती स्वतःच रिकामी करून टाकते. शिवाय ती टकटकही करत नाही.

डिस्कने आपली तब्येत आपणच सांगावी, ही कल्पना 1992 च्या सुमारास आयबीएमच्या मोठ्या यंत्रांत आली. 1995 मध्ये कॉम्पॅक या संगणक कंपनीने आपली पद्धत सगळ्या उद्योगापुढे मांडली आणि त्यातून ‘स्मार्ट’ घडलं. किती सेक्टर बाद करून राखीव जागेत हलवले, किती अजून वाचता येत नाहीत, असे आकडे डिस्क स्वतःच नोंदवू लागली. आता निर्धास्त, असं वाटलं. 2007 साली गूगलच्या अभियंत्यांनी लाखाहून जास्त डिस्कची नोंद तपासली. तपासणीत पहिली चूक दिसलेली डिस्क पुढच्या 60 दिवसांत बंद पडण्याची शक्यता इतरांच्या 39 पट होती. पण बंद पडलेल्यांपैकी 56 टक्क्यांहून जास्त डिस्कमध्ये महत्त्वाच्या चारही आकड्यांवर काहीच दिसलं नव्हतं. म्हणजे स्मार्टने बोंब मारली तर लगेच ऐकावं; गप्प राहिलं तर त्यावर विसंबू नये.

दुसऱ्या टोकाचं उदाहरण कोलंबिया या अवकाशयानाचं. 1 फेब्रुवारी 2003 ला कल्पना चावला आणि त्यांचे सहा सहकारी असलेलं ते यान कोसळलं. ढिगाऱ्यात एक होरपळलेली हार्ड डिस्क सापडली. तिच्यावर झेनॉन वायूच्या प्रयोगाची मापं होती. प्रयोगशाळेत तबकड्या साफ करून दुसऱ्या डिस्कमध्ये बसवल्या, आणि जवळजवळ 99 टक्के डेटा मिळाला. प्रयोगाचे निष्कर्ष 2008 मध्ये छापून आले.

आमच्या मामाच्या डीटीपीच्या दुकानातली डिस्क साध्या व्होल्टेजने गेली. रिकव्हरीवाल्याने फाइली काढून दिल्या, पण नावं गेलेली: एफ आणि पुढे सात आकडे, अशा शेकडो. मामा रात्रभर एकेक उघडत बसला. लग्नपत्रिका, हॅंडबिलं, एका दिवाळी अंकाचं अर्धं काम, सगळं होतं. पण जुन्या फॉन्टात टाइप केलेलं, त्यामुळे पडद्यावर नुसती इंग्रजी अक्षरं, डॉलर आणि टक्क्यांची चिन्हं. तो फॉन्ट गेलेल्या डिस्कवरच होता.