लहान मुलाचा कर्करोग: पैसे भरण्याआधी कुठे जायचं, कोणते कागद लागतात

माझा भाचा तेव्हा चार वर्षांचा होता. ताप उतरत नव्हता, पाय दुखतात म्हणून तो चालायला तयार नव्हता. आधी रक्त तपासलं, मग अस्थिमज्जा, आणि ए.एल.एल. म्हणजे रक्ताचा कर्करोग निघाला. मेहुण्यांनी त्याच रात्री बहिणीचं सोनं गहाण टाकलं आणि एका खासगी रुग्णालयात ऐंशी हजार डिपॉझिट भरलं. योजनेचं कुणी काही बोललं नाही. पुढे आम्ही पावत्या घेऊन फिरलो, तेव्हा सगळीकडे एकच उत्तर मिळालं: झालेल्या खर्चाला मदत नाही, होणाऱ्या उपचाराला आहे.

म्हणून सगळ्यात आधी हे सांगते. सरकारी योजना आणि निधी पैसे थेट रुग्णालयाला देतात आणि मंजुरी उपचाराआधी लागते. दोन दिवस कागदांमागे धावण्यात गेले तरी चालतील. फक्त मूल अत्यवस्थ असेल तर आधी दाखल करा. योजनेच्या रुग्णालयातून तातडीची सूचना फोनवर देता येते, कागद मागून जोडता येतात.

ए.एल.एल.चा उपचार दोन-अडीच वर्षं चालतो. हा आजार बहुतेक मुलांचा बरा होतो, पण उपचार पूर्ण झाला तर. पैसे संपले म्हणून मधेच गावी परतलेली मुलं मी वॉर्डात पाहिली आहेत. त्यामुळे पहिल्याच आठवड्यात शेत विकायचा विचार करू नका.

पहिलं दार महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेचं. २०१२ साली ती राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना म्हणून सुरू झाली. म्हणून आमच्याकडे म्हातारी माणसं अजून ‘जीवनदायी’च म्हणतात. आता ती आयुष्मान भारतशी जोडलेली आहे आणि एका कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचा उपचार मिळतो. पिवळं, केशरी, अंत्योदय, अन्नपूर्णा ही कार्डं आधीपासून चालत होती. २८ जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने पांढरं कार्डही त्यात आलं. त्यामुळे ‘आमचं कार्ड पांढरं आहे, आम्हाला कोण देणार’ असं म्हणून घरी बसू नका. सीमाभागातल्या ८६५ गावांतल्या मराठी कुटुंबांनाही ही योजना लागू केली आहे, त्यांनीही विचारावं.

रुग्णालय योजनेच्या यादीत हवं आणि तिथे कर्करोगाचा उपचार योजनेतून होत असायला हवा. या दोन्ही गोष्टी १५५३८८ वर फोन करून विचारा. रुग्णालयात आरोग्यमित्राचं, म्हणजे योजनेच्या मदतनिसाचं टेबल असतं, तिथे नोंदणी होते. रेशनकार्ड, आई-वडिलांचं आणि मुलाचं आधार, जन्मदाखला, बायोप्सी किंवा अस्थिमज्जेचा अहवाल आणि डॉक्टरांनी लिहिलेला उपचाराचा आराखडा एवढं सोबत ठेवा. मंजुरीचा प्रस्ताव रुग्णालयच ऑनलाइन पाठवतं. केमोची मंजुरी एकदाच मिळत नाही, सायकलीगणिक म्हणजे औषधांच्या प्रत्येक फेरीला घ्यावी लागते. पाच लाख सगळ्या घराचे मिळून असतात. आजोबांचं ऑपरेशन त्याच वर्षी योजनेतून झालं असेल तर तेवढे कमी होतात. म्हणून नवी सायकल सुरू होण्याआधी किती शिल्लक आहे ते आरोग्यमित्राला विचारत जा.

खरी अडचण मात्र वेगळीच येते. लहान मुलाचं नाव रेशनकार्डावर चढवलेलंच नसतं. बहीण टेबलासमोर कार्ड उलटसुलट करत उभी होती. त्यावर सासू-सासरे होते, नणंदेचं लग्नाआधीचं नाव होतं, पण ज्याच्यासाठी आली होती तोच नव्हता. असं असेल तर जन्मदाखला दाखवून आरोग्यमित्राकडून मार्ग विचारा आणि त्याच दिवशी घरच्या कुणाला तरी तहसीलच्या पुरवठा शाखेत नाव वाढवायच्या अर्जासाठी पाठवा. मुलाचं आधार नसेल तर तेही काढा. पाच वर्षांखालच्या मुलाचं निळं बाल आधार आई किंवा वडिलांच्या आधारावर निघतं, बोटांचे ठसे लागत नाहीत. जन्मदाखला, आधार, रेशनकार्ड या तिन्हींवर नाव सारखंच हवं. एकीकडे ‘श्रेयश’ आणि दुसरीकडे ‘श्रेयस’ असलं तरी अर्ज अडतो.

दुसरा कागद उत्पन्नाचा दाखला, चालू वर्षाचा, तहसीलदारांच्या सहीचा. सेतू केंद्रात किंवा आपले सरकार पोर्टलवर अर्ज करायचा, तलाठ्याचा अहवाल जोडायचा. निदानाचा कागद सोबत नेऊन आजाराचं कारण सांगा, माणसं मदत करतात. योजनेबाहेरच्या जवळजवळ प्रत्येक अर्जाला हा दाखला लागतो, म्हणून तो पहिल्याच दिवशी टाका.

योजनेत न बसणाऱ्या खर्चासाठी मुख्यमंत्री सहायता निधी आहे. वार्षिक उत्पन्न १ लाख ६० हजारांच्या आत हवं. विहित अर्ज, रुग्णाचं आधार (लहान मूल असेल तर आईचं), रेशनकार्ड, उत्पन्नाचा दाखला, तपासण्यांचे अहवाल, मूल दाखल असल्याचा जिओ टॅग (जागेची नोंद असलेला) फोटो आणि रुग्णालयाचं खर्चाचं अंदाजपत्रक लागतं. रुग्णालय खासगी असेल तर अंदाजपत्रकावर जिल्हा शल्यचिकित्सकांची पडताळणी घ्यावी लागते. बहुतेक अर्ज याच सहीपाशी रखडतात. आता मंत्रालयापर्यंत जायची गरज नाही, जिल्हाधिकारी कार्यालयातही कक्ष आहे. पंतप्रधान राष्ट्रीय मदत निधीचा अर्जही जवळजवळ याच कागदांवर होतो, खासदारांचं पत्र जोडलं तर बरं. दोन्ही अर्जांत दुसरीकडून काय मिळालं ते खरं लिहा, लपवू नका.

धर्मादाय रुग्णालयांबद्दल फार कमी लोकांना माहीत असतं. ट्रस्टच्या नोंदणीकृत मोठ्या रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी ठेवणं बंधनकारक आहे. वर्षाला १ लाख ८० हजारांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना मोफत, ३ लाख ६० हजारांपर्यंत सवलतीत उपचार मिळतो. काउंटरवर हे आपणहून कुणी सांगेलच असं नाही. थेट वैद्यकीय समाजसेवकांना भेटा, दाखला आणि रेशनकार्ड दाखवा. ‘खाट शिल्लक नाही’ म्हणाले तर धर्मादाय आयुक्त कार्यालयात लेखी तक्रार करता येते.

परळच्या टाटा रुग्णालयात जात असाल तर केस पेपर काढताना जनरल की प्रायव्हेट ते विचारतात. घाबरून प्रायव्हेट घेऊ नका. जनरल घ्या आणि पहिल्याच दिवशी समाजसेवा विभागात जा. मुलांच्या विभागासाठी इम्पॅक्ट फाउंडेशन काम करतं, इंडियन कॅन्सर सोसायटीचा निधीही आहे. या दोन्हींसाठी रुग्णालयातूनच जावं लागतं. राहण्यासाठी सेंट ज्यूड इंडियाची केंद्रं फक्त कर्करोगाच्या मुलांसाठी आहेत. तिथे कुटुंबासह मोफत राहता येतं, नाव मात्र रुग्णालयच पाठवतं. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळची नाना पालकर स्मृती समिती इथेही विचारा. बहिणीने पहिल्या चार रात्री पुलाखाली काढल्या, कारण हे सांगणारं कुणी भेटलं नाही. मूल मास्क लावून तिच्या मांडीवर झोपायचं आणि ती जागी बसायची, कारण केमोनंतर साधा सर्दी-खोकलाही मुलाला झेपत नाही.

प्रवासाचंही सांगते. कर्करोगाच्या रुग्णाला रेल्वेत स्लीपर आणि थर्ड एसीला भाड्यात १०० टक्के सवलत आहे, सोबतच्या एका माणसाला ७५ टक्के. रुग्णालयातून ठरावीक नमुन्यातलं प्रमाणपत्र डॉक्टरांच्या सहीशिक्क्यानिशी घ्या आणि स्टेशनच्या खिडकीवर तिकीट काढा. ही सवलत उपचार संपल्यावर तपासणीला जातानाही मिळते. भाच्याची केमो संपली आहे. आता तो तपासणीपुरताच मुंबईला येतो, खिडकीजवळची जागा त्याचीच असते, आणि बहिणीच्या पिशवीत तीच प्लास्टिकची फाइल: वर रेशनकार्ड, खाली पहिला अहवाल, प्रत्येकाच्या पाच-पाच झेरॉक्स.