ती धाप कशाची होती?

२३ मार्च २००८, ईस्टरचा रविवार. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात अकरा वर्षांची एक मुलगी दगावली. अशक्तपणा आणि तहान आधीपासूनच होती, शेवटी बोलणंही थांबलं, श्वास जड झाला. आईवडील तिच्या उशाशी प्रार्थना करत राहिले, डॉक्टरला बोलावलं नाही. निदान मृत्यूनंतर झालं: टाइप १ मधुमेह, आणि त्यातून कीटोॲसिडोसिस, म्हणजे रक्तात कीटोन नावाची आम्लं साचणं.

या मधुमेहात शरीराचीच प्रतिकारयंत्रणा स्वादुपिंडातल्या इन्शुलिन बनवणाऱ्या बीटा पेशी मारते आणि इन्शुलिन संपतं. मग स्नायूंना रक्तातली साखर आत घेता येत नाही. रक्तात साखरेचा पूर आलेला असतो आणि यकृत मात्र उपास पडल्यासारखं आणखी साखर बनवत बसतं. डेसिलिटरला साधारण १८० मिलिग्रॅमच्या वर साखर गेली की मूत्रपिंडांना ती अडवता येत नाही. ती लघवीतून जाते आणि पाणीही ओढून नेते. म्हणून ती तहान.

पण जीव जातो तो चरबीपायी. चरबीवरचा लगामही इन्शुलिनच्याच हाती असतो. तो सुटला की फॅटी ॲसिडं यकृतात लोटतात, त्यांचं ॲसिटिल-कोए हे संयुग होतं आणि त्यातून ॲसिटोॲसिटेट, बीटा-हायड्रॉक्सीब्युटिरेट ही कीटोनं बनतात. दोन्ही आम्लं. रक्ताचा पीएच (आम्लतेचं माप, आम्ल वाढलं की तो घटतो) ७.४ च्या आसपास राखायला रक्तातलं बायकार्बोनेट ही आम्लं झेलतं. त्यातून होणारा कार्बन डायऑक्साइड फुप्फुसं बाहेर टाकतात, म्हणून श्वास खोल आणि भरभर होतो. फुप्फुसांना काहीच झालेलं नसतं, ती रक्तातलं आम्ल उपसत असतात! बायकार्बोनेट संपत आलं की पीएच घसरतो. उलट्यांनी पाणी आणखी घटतं, ताणाची संप्रेरकं वाढतात आणि ती पुन्हा चरबी फोडतात.

सर्दी, जुलाब, साधा ताप बहुतेक वेळा आपोआप उतरतो आणि श्रेय नवसाला, अंगाऱ्याला जातं. कीटोनांचं हे चक्र मात्र आपोआप थांबत नाही, इन्शुलिन बाहेरूनच द्यावं लागतं. जानेवारी १९२२ मध्ये टोरांटोत चौदा वर्षांच्या मुलाला ते प्रथम टोचलं, तेव्हा स्वादुपिंडापासून काढलेला तो अर्क पुरेसा शुद्ध नव्हता. बारा दिवसांनी शुद्ध केलेला अर्क दिला, आणि लघवीतली कीटोनं नाहीशी झाली.

त्या आईवडिलांची शिक्षा विस्कॉन्सिनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये कायम केली. त्याच वर्षी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आला. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्याचे उपचार रोखून गंडादोरा करणं त्यात गुन्हा आहे. मधुमेह बरा करण्याच्या जाहिरातींना तर केंद्राच्या १९५४ च्या कायद्याने बंदी आहे. तरी ‘इन्शुलिन कायमचं सोडा’ म्हणणारे रोज मोबाइलवर भेटतात. टाइप १ च्या मुलाचं इन्शुलिन बंद करणं म्हणजे वर सांगितलेलं सगळं मुद्दाम सुरू करणं.

मूल अचानक घटाघटा पाणी पितंय, सुटलेली सवय असूनही अंथरूण ओलं करतंय, वाळत चाललंय असं दिसलं तर ग्लुकोमीटरवर रक्ताचा एक थेंब त्याच दिवशी तपासून घ्यावा. सोबत उलट्या किंवा धाप असेल तर थेट दवाखाना गाठावा.