अडीच साड्या लांबीचा डायनासोर

दोन वर्षांच्या मुलाच्या हातात वीतभर प्लास्टिकचा डायनासोर दिला आणि "हा केवढा मोठा होता, माहितीये?" असं विचारलं, तर त्याच्यापर्यंत काहीच पोचत नाही. त्याच्या लेखी डायनासोर वीतभरच असतो. यात मुलाची चूक नाही. समजेच्या वाढीचा तो एक टप्पा आहे आणि तो प्रयोगांनी तपासलेला आहे.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ ज्युडी डिलोश यांनी १९८७ मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. एका खोलीची हुबेहूब छोटी प्रतिकृती केली. मुलाच्या डोळ्यांदेखत त्या छोट्या खोलीत एक छोटं खेळणं लपवलं आणि सांगितलं, की मोठ्या खोलीत मोठं खेळणं अगदी याच जागी लपवलं आहे, ते शोध. तीन वर्षांच्या मुलांनी ते बहुतेक वेळा शोधलं. अडीच वर्षांच्या मुलांना ते जमलं नाही. छोटं खेळणं कुठे लपवलंय हे त्यांना पक्कं आठवत होतं, पण छोटी खोली ही मोठ्या खोलीची खूण आहे, हे लक्षात येत नव्हतं. पुढे २००४ मध्ये डिलोश आणि सहकाऱ्यांनी आणखी एक गोष्ट नोंदवली: दीड ते अडीच वर्षांची मुलं बाहुलीच्या खुर्चीवर मनापासून बसायला बघतात, मूठभर मोटारीत पाय घालायला जातात.

घरच्या खेळांसाठी याचा अर्थ सरळ आहे. तीन वर्षांच्या आतल्या मुलासमोर डायनासोर आणायचा तर तो खऱ्या मापाचा आणावा: अंगाने मोजता येईल, बाजूने चालता येईल, कुशीत घेता येईल असा. कोट्यवधी वर्षांचा काळ या वयात सांगू नये. "खूप खूप आधी, माणसंच नव्हती तेव्हा" एवढं पुरतं. एका खेळात एकच खरी गोष्ट असावी आणि खेळ दहा मिनिटांत आटोपावा. मूल तोच खेळ सलग आठवडाभर मागेल. तो तसाच पुन्हा द्यावा.

मापासाठी आपल्याकडे घरातच उत्तम साधन आहे. नेहमीची साडी सुमारे साडेपाच मीटरची असते. प्राणहिता–गोदावरी खोऱ्यात, सिरोंचाच्या परिसरात सापडलेला बारापासॉरस हा ज्युरासिक काळातला शाकाहारी डायनासोर सुमारे १४ मीटर लांब होता, म्हणजे अडीच साड्या. त्याचा जोडलेला सांगाडा कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत उभा आहे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावच्या टेकडीत सापडलेल्या इसिसॉरसची लांबी साधारण १८ मीटर धरतात. त्याला सव्वातीन साड्या लागतील. गुजरातमधल्या मांसाहारी राजासॉरसचा अलीकडचा अंदाज साडेसहा मीटरच्या आसपास आहे, म्हणजे एक साडी आणि वर एक ओढणीचा तुकडा.

साड्या सुतीच घ्याव्यात. सिंथेटिक साडी फरशीवर सरकते आणि मूल तोंडावर पडतं. टोकाला टोक लावून त्या सरळ रेषेत पसराव्यात, कडांवर चपला किंवा जाड पुस्तकं ठेवावीत. इथे हमखास होणारी चूक म्हणजे घरात जागा नाही म्हणून साडी दारातून वळवून दुसऱ्या खोलीत नेणं. वळण आलं की लहान मुलासाठी ती एक वस्तू राहत नाही, दोन होतात आणि लांबी हरवते. भक्कम कठड्याची गच्ची किंवा गाड्या नसतानाचं पार्किंग बघावं. मुलाला शेपटीकडे उभं करून कापडाच्या बाजूने, कापडावरून नव्हे, डोक्यापर्यंत चालायला लावावं. चौदा मीटरला त्याची चाळीस-पन्नास पावलं सहज होतात. मोजायची गरज नाही. पाय दुखले की लांबी कळते. खेळ संपताच साड्या उचलाव्यात. लांब कापड आणि दोरी लहान मुलाच्या गळ्याशी कधीच सोडू नये.

याच्या जोडीला एक हाड करावं. बारापासॉरसच्या मांडीचं हाड सुमारे १.७ मीटर भरलं होतं. वर्तमानपत्रांच्या घट्ट गुंडाळ्या एकात एक सरकवून, कागदी चिकटपट्टीने जोडून, दोन्ही टोकांना चुरगळलेल्या कागदाचे गोळे बांधले की हाड तयार. रबरबँड वापरू नयेत. ते आधी तोंडात जातात. बाबांना जमिनीवर आडवं करून शेजारी हे हाड ठेवावं. बाबांएवढं एकच हाड आणि तेही फक्त मांडीचं! शब्दांनी न पोचणारी ही गोष्ट या वयात डोळ्यांनी पोचते.

अंड्याचा खेळ मात्र सवडीने करण्यासारखा आहे. नर्मदेच्या खोऱ्यात, मध्य प्रदेशातल्या धार जिल्ह्यात टायटॅनोसॉर गटातल्या डायनासोरांची ९२ घरटी आणि त्यांत २५६ अंडी सापडल्याचं २०२३ मध्ये प्रसिद्ध झालं. अंडी गोल होती, साधारण १५ ते १७ सेंटिमीटर व्यासाची. एवढ्या प्रचंड प्राण्याचं अंडं एवढंच, याचं मोठ्यांनाही नवल वाटतं. अंड्याच्या कवचातून आतल्या पिल्लाला श्वास घ्यावा लागतो. अंडं फार मोठं झालं तर कवचही जाड लागतं आणि हवा आत जाईना. म्हणून मोठा प्राणीसुद्धा लहान अंडीच घालतो, पण पुष्कळ घालतो.

घरी अंडं करताना फुगा फुगवून त्याच्या मधोमध दोरी गुंडाळून मोजावं. घेर ५० सेंटिमीटर झाला की व्यास १६ होतो. फुगे हाताळणं सर्वस्वी मोठ्यांचं काम. फुटलेल्या फुग्याचा तुकडा श्वासनलिकेवर चिकटून बसतो आणि खोकून निघत नाही, त्यामुळे मूल झोपलेलं असताना हे उरकावं. खळ करताना दोन मोठे चमचे मैदा आधी अर्धी वाटी थंड पाण्यात पूर्ण कालवावा, मग आणखी अर्धी वाटी पाणी घालून मंद आचेवर ढवळत शिजवावा. थेट गरम पाण्यात मैदा टाकला की गुठळ्या होतात आणि कागद चिकटत नाही. पूर्वी कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद टाकत; ते विष आहे, मुलांच्या वस्तूत अजिबात नको. कागदाच्या दोन-तीन सेंटिमीटर रुंद पट्ट्या फाडून चार थर द्यावेत, पण एका दिवशी एकच थर. ओल्यावर ओला थर चढवला तर वरून कडक आणि आतून दमट राहतं, चार दिवसांत बुरशीचा वास येतो. पावसाळ्यात पंख्याखाली दोन दिवस धरावेत. पूर्ण वाळल्यावर फुगा फोडून त्याचा प्रत्येक तुकडा बाहेर काढावा, अंडं कटरने दुभंगावं, कडांवर कागदी पट्टी फिरवावी.

आत पिल्लू हवं. गुजरातमधल्या ढोली डुंगरी इथे सापडलेल्या एका घरट्यात टायटॅनोसॉरच्या पिल्लाचे अवशेष आहेत आणि त्याची लांबी सुमारे अर्धा मीटर धरली आहे. जुने पायमोजे चिंध्यांनी सैलसर भरून, एकाला एक घट्ट शिवून ५० सेंटिमीटर लांबीचं पिल्लू करावं आणि मान-शेपटी वळवून अंड्यात बसवावं. डोळ्यांना बटणं लावू नयेत, दोऱ्यानेच काढावेत. जन्मलेलं माणसाचं बाळही साधारण ५० सेंटिमीटरचंच असतं. मुलाला म्हणता येतं, "तू आमच्या घरी आलास तेव्हा एवढाच होतास." त्याच घरट्यात साडेतीन मीटर लांबीचा एक सापही पिल्लाशेजारी वेटोळं घालून दगड झालेला आहे; २०१० मध्ये त्याला सनाजेह हे नाव मिळालं. हातात मोजा घालून आई साप झाली आणि मुलाने अंडं टोपलीतल्या गवतात लपवलं, की लपवाछपवीचा खेळ पुराव्यासकट तयार. घाबरणाऱ्या मुलाला साप नंतर कधीतरी दाखवावा.

दोन वर्षांच्या मुलांना शी या विषयात अपार रस असतो आणि इथे महाराष्ट्राकडे जगाला सांगण्यासारखं काही आहे. चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळच्या पिसदुऱ्याला डायनासोरांच्या विष्ठेचे अश्म सापडतात. २००५ मध्ये वंदना प्रसाद, अशोक साहनी आणि सहकाऱ्यांनी त्यांत गवताचे सूक्ष्म सिलिकाकण दाखवले. डायनासोरांच्या काळात गवत होतं आणि ते खाल्लंही जात होतं, हे तोवर कोणी धरून चालत नव्हतं. याचा खेळ: मूठभर शाडूच्या मातीत अर्धी मूठ बारीक कापलेलं सुकं गवत आणि पाच-सहा सुकी पानं कालवून गोळा करायचा, सावलीत दोन दिवस वाळवायचा, मग मुलाने तो हातांनी फोडून "काय खाल्लं होतं?" ते शोधायचं. हिरवं गवत घातलं तर ते आत कुजतं. उन्हात वाळवलं तर बाहेरचा भाग आधी आकसून गोळा तडकतो. रंगवलेल्या जुन्या मूर्तीची माती घेऊ नये. सगळं तोंडात घालण्याच्या वयात शाडूऐवजी भाजलेल्या कणकेचा गोळा आणि आत खजुराचे बारीक, बी काढलेले तुकडे घ्यावेत. मीठ-मैद्याचा कडक गोळा सगळीकडे सुचवला जातो, पण त्यात मैद्याच्या निम्मं मीठ असतं. ते बरंच पोटात गेलं तर लहान मुलाच्या रक्तातलं सोडियम धोकादायक वाढतं. तीन वर्षांपर्यंत तो टाळावा हेच बरं.

बर्फात गोठवलेला डायनासोर हा खेळ सोपा वाटतो आणि नेमका तोच बिघडतो. वाटीत पाणी भरून खेळणं टाकलं तर पोकळ प्लास्टिक वर तरंगतं आणि अर्धं बर्फाबाहेर राहतं. मूल ते दोन सेकंदांत उपटून घेतं. आधी अर्धी वाटी पाणी चार तास गोठवावं, त्यावर खेळणं ठेवून दोन चमचे पाण्याने चिकटवावं, अर्ध्या तासाने उरलेली वाटी भरून रात्रभर ठेवावी. फ्रीझरमधून काढल्याबरोबर देऊ नये. कोरडा थंडगार बर्फ ओल्या बोटांना आणि जिभेला चिकटतो; दहा मिनिटं बाहेर ठेवला की पृष्ठभाग पाणावतो आणि हा त्रास टळतो. मग परात, कोमट पाण्याचा वाडगा आणि पाणी ओतायला डाव. पाणी ओततील तिथेच खड्डा पडतो, हे मुलं स्वतः शोधतात. मध्येच हात लाल झाले की थांबवावं.

उत्खननासाठी परातीत दोन किलो धुतलेली वाळू आणि त्यात पाव लिटरपर्यंत पाणी. पूर्ण कोरडी वाळू डोळ्यांत उडते आणि ठसा धरत नाही. फार ओली झाली तर ब्रशने हटत नाही. मुठीत दाबून गोळा टिकला पण बोटांमधून पाणी निघालं नाही, की बरोबर. हत्यार म्हणून भिंत रंगवायचा दोन इंची ब्रश द्यावा, चमचा नंतर. चमच्याने मूल खणतं, ब्रशने शोधतं. खरे जीवाश्मशास्त्रज्ञही हाड दिसू लागल्यावर कुदळ बाजूला ठेवतात. वस्तू तीनच पुरून ठेवाव्यात, दोन इतक्या वर की पहिल्या फटक्यात दिसाव्यात. सगळ्या खोल पुरल्या तर मिनिटभरात परात उलटी होते. बाजारातले प्लास्टरचे ठोकळे फोडायचे संच या वयाला नकोत. त्यातली बारीक पूड थेट नाकात जाते. प्लास्टर ऑफ पॅरिसमध्ये मुलाच्या हाताचा ठसाही कधी घेऊ नये. घट्ट होताना ते भाजण्याइतकं तापतं.

आवाजाबद्दल थोडंसं. घशातून काढलेली डरकाळी पडद्यावरची आहे. डायनासोरांचे जिवंत नातेवाईक, म्हणजे पक्षी आणि मगरी, यांच्या अभ्यासावरून काही डायनासोर तोंड मिटून घुमत असावेत असा अंदाज २०१६ मध्ये मांडला गेला, कबुतर घुमतं तसं. मुलाचा हात स्वतःच्या छातीवर ठेवून तोंड बंद ठेवून खोल हुंकार द्यावा. छातीतली थरथर त्याला हाताने कळते. शिवाय किंचाळ्यांनी डोक्यावर घेतलेलं घर या खेळाने शांत होतं.

खेळणी विकत घेताना कागदाची ४ सेंटिमीटर व्यासाची नळी सोबत ठेवावी. तीन वर्षांखालच्या मुलांची खेळणी तपासायचं प्रमाण नळकांडं ३१.७ मिलिमीटरचं असतं; आपली नळी थोडी मोठी, म्हणजे जास्त सावध. जे त्यातून आत जाईल ते परत ठेवावं. पाण्यात टाकल्यावर फुगणारी डायनासोरची अंडी आणि जेलचे मणी घरात आणूच नयेत. गिळलेला मणी आतड्यात फुगून वाट अडवतो. डरकाळी फोडणाऱ्या खेळण्यात बटण सेल असेल तर त्याचं झाकण स्क्रूने बंद होतं का ते बघावं. गिळलेला सेल अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांतही तिथे गंभीर जखम होऊ शकते, त्यामुळे तसा संशय आला तरी तडक रुग्णालय गाठावं. शास्त्राच्या चुका त्यामानाने किरकोळ आहेत, पण जमिनीवर शेपटी घासणारा डायनासोर शक्यतो घेऊ नये. शेपटी हवेत तोलून धरलेली असायची. उडणारे टेरोसॉर आणि पाठीवर शीड असलेला डायमेट्रोडॉन एकाच पिशवीत येतात, ते दोघेही डायनासोर नाहीत. गुहेतला माणूस आला तर तो दुसऱ्या डब्यात ठेवावा.

आणि खरा डायनासोर दाखवायचा असेल तर अंगणात किंवा कुंडीच्या ओल्या मातीवर थोडे दाणे टाकावेत. कोंबडी, साळुंकी, कावळा, जो येईल तो त्याच वंशातला आहे. तो उडून गेल्यावर मातीत पुढे तीन बोटं आणि मागे एक, असा ठसा राहतो. राजासॉरसच्या गटातले डायनासोरही दोन पायांवर आणि पुढच्या तीन बोटांवरच भार देऊन चालत. तो ठसा खडूने गच्चीवर अर्धा मीटर लांबीचा काढावा आणि मुलाला त्यात उभं करावं. दोन्ही पाय मावून जागा उरते.