भरीत खाली, पॉवर बँक वर

पेटू शकणारी पॉवर बँक हातातल्या बॅगेत ठेवा आणि साधं लाल तिखट मात्र चेक-इनच्या बॅगेत टाका, हा नियम पहिल्यांदा विमानाने निघालेल्याला उलटाच वाटतो. जळगाव, धुळे, नंदुरबारच्या घरांतून लेकाकडे किंवा लेकीकडे जाणाऱ्या सामानात तर काळा मसाला, मिरचीचं लोणचं, कळण्याचं पीठ, बिबडे आणि दोन-तीन चार्जर हे सगळं एकत्रच कोंबलेलं असतं. पण कारण समजलं की यादी पाठ करावी लागत नाही.

पॉवर बँकेतल्या लिथियम-आयन सेलमध्ये दोन पट्ट्यांच्या मधोमध केसापेक्षाही पातळ असा प्लास्टिकचा पडदा असतो. सेल चेपला गेला किंवा मुळातच सदोष निघाला तर तो पडदा फाटतो आणि आतल्या आत शॉर्ट होतं. उष्णतेने रासायनिक क्रियेचा वेग वाढतो, त्यातून आणखी उष्णता निघते आणि शेजारचा सेलही पेट घेतो. विमानाच्या पोटातल्या मालकक्षात आग दाबायला हॅलॉन वायू असतो. तो ज्वाला विझवतो, सेल गार करत नाही, त्यामुळे आतली क्रिया चालूच राहते. केबिनमध्ये मात्र धूर लगेच दिसतो आणि कर्मचारी ज्वाला विझवून त्यावर पाणी ओततात. जानेवारी 2025 मध्ये दक्षिण कोरियातल्या गिमहे विमानतळावर एअर बुसानचं विमान उड्डाणाआधीच जळालं. आग वरच्या कप्प्यातून सुरू झाली होती आणि ती पॉवर बँकेमुळे लागली असावी, असं तिथल्या तपासयंत्रणेने सांगितलं. म्हणून पॉवर बँक डोक्यावरच्या कप्प्यात ठेवू नये, समोरच्या सीटखाली नजरेसमोर ठेवावी.

मर्यादा आहे 100 वॅट-तासांची, म्हणजे बँकेत साठणाऱ्या ऊर्जेची. पॉवर बँकेवर छापलेले एमएएच (mAh) गुणिले 3.7 (सेलचे व्होल्ट), भागिले 1000. 20,000 एमएएचची बँक 74 वॅट-तासांची, म्हणजे चालते. 30,000 ची 111 होते. 100 ते 160 च्या दरम्यान विमान कंपनीची आगाऊ परवानगी लागते आणि 160 च्या वर प्रवाशाला नेताच येत नाही. छापलेले आकडे पुसून गेले असतील तर तपासणीत ती काढून घेतली जाऊ शकते. फुगलेली बँक तर घरीच राहू द्या.

इथे जळगावहून जाणाऱ्यांची एक नेमकी अडचण आहे. या विमानतळावर येणारी विमानं बहुतेक एटीआर 72 जातीची, पंख्यांची. त्यांचे वरचे कप्पे मोठ्या जेट विमानांपेक्षा लहान. आपली चाकांची बॅग त्यात मावली नाही की विमानाच्या दाराशीच ती खाली ठेवायला घेतात, आणि त्या गडबडीत आतली पॉवर बँक बॅगेबरोबरच मालकक्षात जाते. म्हणून ती आधीपासूनच वेगळ्या लहान पाऊचमध्ये, वरच्या खणात ठेवावी.

वजनाचा काटा उगाच नाही. देशांतर्गत विमानांत हातातल्या बॅगेला साधारण 7 किलो मिळतात, तरी तिकिटावरचा आकडा बघून घ्यावा. मे महिन्यात आपल्याकडे पारा 45 अंशांवर जातो. 15 अंशांच्या हवेपेक्षा ही हवा सुमारे 9 टक्के विरळ असते. पंखांना उचल कमी मिळते, इंजिनाची ताकदही घटते, आणि एवढ्याच धावपट्टीवरून उडायचं तर भार कमी करावा लागतो. भर उन्हातल्या फेरीला प्रत्येक किलो हिशेबात येतो.

आता डबे. एक्स-रे यंत्राच्या पडद्यावर सेंद्रिय पदार्थ नारिंगी आणि धातू निळे दिसतात. तूप, भरीत, ठेचा, खव्याचा गोळा आणि काही स्फोटकं या यंत्राला बरीच सारखी भासतात. ऑगस्ट 2006 मध्ये लंडनहून निघणाऱ्या विमानांत द्रव स्फोटकं नेण्याचा कट उघड झाला, आणि त्यानंतर आंतरराष्ट्रीय प्रवासात 100 मिलीची अट आली. अट बाटलीच्या क्षमतेला आहे, आतल्या मालाला नाही: 200 मिलीची अर्धी संपलेली बाटलीही चालत नाही. अशा सगळ्या बाटल्या एक लिटरच्या पारदर्शक झिप पिशवीत मावायला हव्यात. भरीत आणि ठेचा यांना तपासणीत पातळ पदार्थच धरतात. अमेरिकेला जाताना हातातल्या बॅगेत 350 मिलीपेक्षा जास्त भुकटी असली तर वेगळी तपासणी होते; कळण्याचं पीठ खालीच बरं.

तिखट डोळ्यांत फेकता येतं, म्हणून ते वर, म्हणजे हातातल्या बॅगेत, नाही. मिरचीचं लोणचंही नाही. सुक्या खोबऱ्याची वाटी मात्र ना वर, ना खाली. खोबऱ्यातल्या तेलाचा हवेतल्या ऑक्सिजनशी हळूहळू संयोग होतो, साठ्यात ती उष्णता अडकते आणि ते आपोआप पेटू शकतं. धोकादायक मालाच्या आंतरराष्ट्रीय यादीत त्याला यूएन 1363 हा क्रमांक आहे. पूजेच्या डब्यातला कापूरही ज्वलनशील म्हणून बाहेर काढा. काडेपेटी आणि लायटर दोन्हीकडे बंद.

लोणचं खाली टाकलं तरी ते सांडतं, कारण उडताना केबिनमधला आणि मालकक्षातलाही दाब समुद्रसपाटीच्या साधारण तीन-चतुर्थांश होतो. बरणीत अडकलेली हवा तिसऱ्या हिश्शाने फुगते आणि तेल झाकणातून बाहेर ढकलते. त्यामुळे अर्धी बरणी भरलेल्या बरणीपेक्षा जास्त सांडते. लहान बरणी घ्या, बोटभर जागा सोडून भरा, तोंडावर प्लास्टिक ताणून झाकण लावा आणि सांध्यावर टेप गुंडाळा. मग ती दोन झिप पिशव्यांत घालून, जुन्या सुती कापडात गुंडाळून, बॅगेच्या मधोमध ठेवा. प्लास्टिकची बाटली असेल तर झाकण लावण्याआधी दाबून हवा काढून टाका. वर गेल्यावर ती फुगेल, पण तेल आतच राहील.