टायर वाढवला की गिअरही बदलतो

मारुती ८०० चं उत्पादन २०१४ मध्ये थांबलं, तरी नाशिकच्या जुन्या कॉलन्यांत ती अजून दिसते. तिचा टायर १४५/७० आर १२. हे बारा इंची माप आता दुकानात सहज मिळत नाही. मग तेरा इंची रिमवर १५५/७० चढवतात. गाडी भरदार दिसते, हाही मोह असतोच.

एका इंचाने काय होतं? १४५ ही मिलिमीटरमधली रुंदी, साइडवॉलची, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीची, उंची तिच्या ७० टक्के आणि रिम १२ इंची. त्यावरून मूळ टायरचा व्यास निघतो सुमारे ५०८ मिमी, नव्याचा ५४७. जवळजवळ ८ टक्के वाढ! स्पीडोमीटरला रस्ता दिसत नाही, तो नुसते फेरे मोजतो. काटा ८० वर असतो तेव्हा गाडी ८६ ने पळत असते. किलोमीटरही कमी मोजले जातात, त्यामुळे 'टायर बदलल्यापासून ॲव्हरेज पडला' या तक्रारीत थोडी लबाडी मीटरचीही असते.

खरी गंमत कसारा घाटात. इंजिनाचा पीळ, म्हणजे चाक फिरवण्याचा जोर (टॉर्क), तोच, पण चाकाची त्रिज्या वाढल्याने रस्त्यावर मिळणारी ओढ ७ टक्क्यांनी घटते. ७९६ सीसीच्या इंजिनाकडे मुळात शिल्लक काय असणार? चौघं बसली की जिथे तिसरा गिअर चालायचा, तिथे दुसरा टाकावा लागतो. ब्रेकचंही तेच: पाय तेवढाच दाबला तर पकड कमी. कमाई म्हणाल तर गाडी व्यासवाढीच्या निम्मी, म्हणजे २० मिमी उचलली जाते. स्पीडब्रेकरवर पोट घासणाऱ्यांना तेवढंही पुरतं.

रुंद टायर म्हणजे जास्त पकड, हे अर्धसत्य आहे. रस्त्याला टेकणारं क्षेत्रफळ मुख्यतः वजन आणि हवेच्या दाबावर ठरतं. रुंदीने त्याचा आकार आखूड आणि आडवा होतो. कोरड्या वळणावर त्याचा फायदा मिळतो, पण इगतपुरीच्या पावसात त्या आडव्या पट्ट्याला जास्त पाणी बाजूला सारावं लागतं. शिवाय पॉवर स्टीअरिंग नाही, पार्किंग करताना दंडांना कळतं.

तेरा इंचीच हवा असेल तर १५५/६५ बरा, वाढ ५ टक्क्यांच्या आत राहते. स्टीअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून, माणसं बसवून, टायर कुठे घासत नाही ना ते पाहावं. माझं मत मात्र मूळ मापाच्या बाजूने. फक्त साइडवॉलवर DOT ने सुरू होणाऱ्या क्रमांकाचे शेवटचे चार आकडे वाचून घ्या: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. कमी खपणारं माप रॅकवर पडून राहतं, आणि रबर न वापरताही कडक होतं.