पॅनल मजबूतच असतं हो, घात करतो तो जोड

जनावरांसाठी रेडीमेड पॅनलं आणून आवार उभं करायचं म्हटलं की लोक सगळ्यात आधी पाइप वाजवून बघतात. पाइप जाड आहे का, तार किती एमएमची, उचलायला जड लागतंय का वगैरे. आणि ज्या पिना, क्लॅम्प, नट-बोल्ट यांच्या जिवावर हे सगळं उभं राहणार ती पिशवी बाजूला पडलेली असते, तिच्याकडे कोणी ढुंकूनही बघत नाही. माझं म्हणणं असं की आधी ती पिशवी उघडा. कोंबड्यांचं खुराडं असो, शेळ्यांचा वाडा असो नाहीतर घोडा फिरवायचं गोल रिंगण, पॅनल बिचारं धडधाकट असतं, दगा देतो तो जोड.

पाइपाचं आधी उरकून घेऊ, त्यात फार गुंतागुंत नाही. 20 मिमी व्यासाची भरीव सळई घ्या आणि तेवढंच लोखंड वापरून 40 मिमी व्यासाचा पोकळ पाइप करा, त्याच्या भिंतीची जाडी साधारण 2.7 मिमी येईल. वजन दोघांचं सारखंच, पण वाकायला पाइप 7 पट जास्त विरोध करतो. कारण वाकताना एका बाजूचं लोखंड ताणलं जातं, दुसऱ्या बाजूचं दाबलं जातं आणि मधलं जवळजवळ रिकामटेकडं बसलेलं असतं, मग ते मधून काढून कडेला नेलं की फायदाच. म्हणजे पाइप पोकळ आहे म्हणून कुणी फसवलं असं समजू नका. (भिंत फारच पातळ असेल तर मात्र एक लाथ बसली की पाइप चेपतो, आणि चेपला की हे सगळं गणित तिथेच संपलं.)

आता चौकट. जाड पुठ्ठ्याच्या चार पट्ट्या टोकाला टाचणीने जोडा आणि एका कोपऱ्याला ढकला, चौकोन लगेच तिरपा होतो आणि गंमत म्हणजे एकही पट्टी वाकलेली नसते. तीन पट्ट्यांचा त्रिकोण करून तसंच ढकला, ढिम्म हलत नाही. तीन बाजूंची लांबी ठरली की त्रिकोण एकच होतो, चार बाजूंचे चौकोन मात्र हवे तितके होतात, एवढंच त्यामागचं कारण. म्हणून चौकटीत तिरका आधार टाकतात, किंवा पत्रा नाहीतर प्लायवूड ठोकतात, किंवा वेल्डमेश लावतात, जिच्या तारा एकमेकींना ओलांडतात त्या प्रत्येक ठिकाणी वेल्ड केलेल्या असतात त्यामुळे ती थोडाफार पत्र्यासारखाच आधार देते. षटकोनी चिकन जाळीचं तसं नाही, ती विणलेली असते, ओढली की आकार बदलते, चौकटीला ती काहीही ताकद देत नाही. 1844 साली इंग्लंडमधल्या नॉर्विचच्या चार्ल्स बार्नर्ड यांनी ती बनवायचं मशीन काढलं, कापड विणायच्या यंत्रावरून, आणि खरंच ती कापडासारखीच वागते. कोंबडी आत ठेवायला ठीक आहे, पण एखादा दांडगा प्राणी बाहेरून आत घुसायला बघत असेल तर तिच्या भरवशावर झोपू नये.

तर एक पॅनल आपल्याच प्रतलात, म्हणजे लांबीच्या दिशेने ढकललं तर, चांगलंच ताठ असतं. पण बाजूने ढकला, सरळ आडवं होतं. तेव्हा ते उभं कोण ठेवतं तर शेजारचं पॅनल, आणि तेही कोनात असेल तरच.

पिनवाल्या पॅनलांमध्ये दोन्ही बाजूंना कड्या असतात, एकाच्या कड्या दुसऱ्याच्या कड्यांवर आल्या की वरून लांब पिन सोडायची, झालं. हा जोड बिजागरीसारखा फिरतो. अशी 12 पॅनलं सरळ रेषेत लावली तर जमिनीत खांब ठोकल्याशिवाय उभी राहणार नाहीत, गाय नुसती अंग घासायला आली तरी सगळी ओळ लोळण घेईल. तीच 12 पॅनलं गोलात लावा, एकही खांब नको. प्रत्येक पॅनल शेजाऱ्याशी 30 अंशांनी वळलेलं असतं, त्यामुळे एकाला बाहेर ढकललं की शेजारच्याला आपल्या लांबीच्या दिशेने जोर घ्यावा लागतो आणि त्या दिशेने तर ते ताठ असतंच. सरळ कुंपणच हवं असेल तर नागमोडी लावायचं, तत्त्व तेच, फक्त पॅनलं जास्त लागतात.

गोलाचा अजून एक फायदा आहे. 3 मीटरची 12 पॅनलं म्हणजे 36 मीटरचा घेर. चौकोन केला तर 9 बाय 9, म्हणजे 81 चौरस मीटर जागा. लांबट आयत केला, 15 बाय 3 चा, तर फक्त 45. बारा बाजूंचं रिंगण केलं तर जवळपास 101 चौरस मीटर. सामान तेवढंच आणि जागा आयताच्या दुपटीपेक्षा जास्त! आणि कोपरे नसल्यामुळे कळपातलं दुबळं जनावर दांडग्याच्या तावडीत कोपऱ्यात सापडत नाही, ते गोल पळत राहू शकतं. लहान आवार पुरत नाही म्हणून दुप्पट पॅनलं घेतली तर जागा चौपट होते हेही लक्षात ठेवा, 24 पॅनलांचा चौकोन 18 बाय 18 म्हणजे 324 चौरस मीटर.

पॅनल आणि पिन या जोडीवर काय काय पेलतं हे बघायचं असेल तर बेली ब्रिज बघा. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटिश इंजिनिअर डोनाल्ड बेली यांनी हा पूल डिझाइन केला. एक पॅनल साधारण 3 मीटर लांब आणि दीड मीटर उंच, वजन अंदाजे 260 किलो, म्हणजे सहा जणांनी मिळून उचलण्याजोगं. पॅनलाला पॅनल पिनेनेच जोडायचं. पूल लांब हवा किंवा त्यावरून रणगाडे जायचे असतील तर तीच पॅनलं शेजारी शेजारी दुहेरी-तिहेरी लावायची, नाहीतर एकावर एक मजले चढवायचे, नवीन प्रकारचा भाग बनवायची गरजच नाही. आणि हे जमलं कशामुळे तर कुठलंही पॅनल उचला, त्याची भोकं कुठल्याही दुसऱ्या पॅनलच्या भोकांना जुळायची.

भोकं जुळणं ऐकायला साधं वाटतं, पण मॉड्युलर, म्हणजे सारखे सुटे भाग जोडून उभारायच्या, प्रकाराचा खरा कस तिथेच लागतो. समजा प्रत्येक पॅनल ठरल्यापेक्षा फक्त 2 मिमी लांब आलंय, एक पॅनल बघून कुणाच्या लक्षातही येणार नाही, पण दोन पक्क्या खांबांमध्ये ओळीने लावली तर 12 पॅनलांनंतर 24 मिमीचा फरक पडतो आणि शेवटची पिन काही केल्या बसत नाही, मग हातोडा निघतो. म्हणून चांगल्या सिस्टिममध्ये भोक गोल न ठेवता लांबट ठेवतात, किंवा कडी पिनेपेक्षा मुद्दाम सैल ठेवतात. सैल जोड दिसला की लोक नाकं मुरडतात, पण जमीन कधी सपाट असते का? थोडा ढिलेपणा असला की पॅनलं खालीवर होऊन जमिनीचा चढउतार पचवतात. कडक क्लॅम्पवाली सिस्टिम काँक्रीटच्या सपाट जमिनीवर मस्त, पण तीच उंचसखल मैदानावर आवळली की चौकटच पिळवटते आणि मग वेल्ड तुटायला लागतात.

प्लॅस्टिक पॅनलांना सैल जागा लागते ती उन्हासाठी. तापमान 40 अंशांनी वाढलं तर 2 मीटर लोखंड जेमतेम 1 मिमी वाढतं, तेवढंच एचडीपीई प्लॅस्टिक 8 मिमी किंवा त्याहून जास्त वाढतं. स्क्रू गच्च आवळले असतील तर शीट वाढणार कुठे, फुगा येतो नाहीतर भोकापासून चीर जाते. आणि नायलॉनचे साधे केबल टाय! तात्पुरतं काम म्हणून ठीक, पण उन्हातल्या अतिनील किरणांनी नायलॉन ठिसूळ होतं आणि एक दिवस नुसतं बोट लावलं तरी तुकडा पडतो. बाहेरच्या कामाला तार किंवा धातूचा क्लॅम्पच वापरावा.

वाऱ्याचा विषय टाळता येत नाही कारण नेमकं इथेच हौशी लोक आपटतात. जाळीच्या पॅनलमधून वारा आरपार जातो. मग कुणाला तरी वाटतं सावली हवी, आणि ताडपत्री बांधली जाते. 3 बाय 2 मीटरच्या बंद पॅनलवर ताशी 100 किमीचा वारा साधारण 280 किलो वजनाएवढा जोर लावतो, आणि तेही सगळ्यात साध्या हिशोबाने, प्रत्यक्षात वारा पॅनलला मागच्या बाजूने जे खेचतो ते धरलं तर आकडा वाढतो. वेग निम्मा झाला तर जोर पाव होतो, कारण तो वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात चालतो. सावलीसाठी अर्धी मोकळी असलेली शेडनेट बरी, वाऱ्याच्या आडोशालाही तीच बरी, कारण पूर्ण बंद भिंतीच्या मागे वारा गोल फिरून खाली आपटतो. आडोशाला बसलेल्या जनावराला उलट जास्त त्रास.

आता ज्याच्यासाठी हे सगळं चाललंय तो प्राणी. त्याच्याकडे वेळच वेळ असतो आणि तो कुठे काय हलतंय हे रोज तपासत असतो. शेळी आडव्या दांड्यांची शिडी करते. शिंगं असलेली शेळी डोकं बाहेर काढते तेव्हा शिंगं मागे सरळ झोपतात, पण डोकं परत घेताना तीच शिंगं तारेत अडकतात, म्हणून जाळीचं घर एकतर डोकं शिरणारच नाही इतकं लहान हवं नाहीतर शिंगांसकट परत येईल इतकं मोठं, मधलं माप सगळ्यात वाईट. घोड्याच्या खुराचंही तेच. आणि सगळ्यात जास्त विसरली जाणारी फट म्हणजे दोन पॅनलांच्या मधली, पॅनलवरचं माप बरोबर असतं आणि जोडाच्या जागी वरच्या गोलाईमुळे खाली निमुळती होत जाणारी फट राहते, त्यात पाय किंवा मान वरून घुसली की खाली सरकून घट्ट बसते.

छोट्या प्राण्यांतही हेच. गिनी पिगसाठी लोक साधारण 35 सेमीची तारेची चौकोनी पॅनलं प्लॅस्टिकच्या कनेक्टरने जोडून पिंजरे करतात, मस्त आयडिया आहे, पण घेताना घरं मोजा. 9 बाय 9 घरांचं पॅनल असेल तर एक घर 4 सेमीपेक्षा थोडं कमी येतं, 8 बाय 8 असेल तर साडेचारच्या आसपास, आणि एवढ्याशा फरकाने डोकं अडकू शकतं. पिल्लं तर लहान घरातूनही निसटतात.

बाहेरून येणाऱ्यांचा हिशोब वेगळा. उंदराला साधारण 6 मिमीची फट पुरते, मोठ्या जातीच्या उंदरालाही 12-13 मिमीची फट कधीकधी चालून जाते. म्हणून खुराड्याला 12 मिमीची वेल्डमेश सुचवतात, आणि धान्य ठेवायच्या जागेला त्याहून बारीक. उकरून येणाऱ्यांसाठी खोल चर खणायची गरज नाही, जाळीचा 30 ते 60 सेमीचा पट्टा पॅनलच्या पायथ्याला जोडून बाहेरच्या बाजूला जमिनीवर आडवा पसरायचा. कोल्हा असो की कुत्रा, तो अगदी कुंपणाला चिकटूनच उकरायला लागतो, जाळी लागते, जागा बदलतो, पुन्हा जाळी. चार पावलं मागे जाऊन बोगदा काढायचं त्याला सुचत नाही.

मोठ्या गुरांच्या बाबतीत पॅनलची ताकद कधीकधी गौणच ठरते. अमेरिकन शास्त्रज्ञ टेंपल ग्रँडिन यांनी गुरं हाकायच्या वाटांना बंद भिंती आणि वळणं दिली, कारण गुरांचे डोळे बाजूला असल्यामुळे त्यांना जवळपास चहूबाजूंचं दिसतं आणि बाहेर लटकलेली साखळी किंवा हलणारा माणूस दिसला तरी ती बिचकतात. बिचकलेलं जनावर धडका देतं, शांत जनावर कुंपणावर क्वचितच जोर टाकतं.

गंजाचं थोडक्यात. लोखंडावर जस्ताचा थर चढवायचं, म्हणजे गॅल्वनाइज करायचं, पेटंट फ्रान्समध्ये स्टानिस्लास सोरेल यांनी 1837 साली घेतलं. वितळलेल्या जस्तात, साधारण 450 अंशांना, पॅनल बुडवतात. ओरखडा पडला तरी जस्त आधी स्वतः झिजतं आणि शेजारच्या लोखंडाला वाचवतं. बघायचं फक्त एवढंच की आधी वेल्ड केलं आणि मग बुडवलं, की आधीच गॅल्वनाइज्ड पाइप आणून वेल्ड केला, कारण वेल्डच्या उष्णतेने तिथलं जस्त जळून जातं आणि मग गंज सुरू होतो तो नेमका जोडापासून, त्यात शेणमूत लागत असेल तर बघायलाच नको. वेल्डवर वेगळ्या रंगाचा चंदेरी स्प्रे मारलेला दिसला की वेल्ड नंतर केलंय हे समजून जा. पोपट पाळणाऱ्यांनी अजून एक लक्षात ठेवा, हे पक्षी नव्या गॅल्वनाइज्ड तारा चावतात आणि जस्ताची विषबाधा होऊ शकते, त्यांच्यासाठी स्टेनलेस स्टील बरं.

राहिलं दार. गोल रिंगणात दार काढलं की एकमेकांना धरलेल्या पॅनलांची साखळी तिथे तुटते, म्हणून चांगल्या सिस्टिममध्ये दार एका पूर्ण चौकटीत येतं, वर आडवा पाइप आणि खाली उंबऱ्यासारखी पट्टी, म्हणजे दार उघडं असतानाही दोन्ही बाजू एकमेकींना धरून राहतात. लाकडी दार असेल तर तिरका आधार खालच्या बिजागरीपासून वरच्या कडीच्या कोपऱ्याकडे जायला हवा, कारण लाकूड दाब छान घेतं. तारेचा ताण द्यायचा असेल तर बरोबर उलटा, वरच्या बिजागरीपासून खालच्या कडीच्या कोपऱ्याकडे. आणि बिजागरीच्या दोन्ही पिना वर तोंड करून बसवू नका. बैल किंवा बोकड दाराखाली डोकं घालून नुसती मान वर करतो आणि दार अलगद उचलून बाजूला पडतं. वरची पिन खाली तोंड करून लावायची, मग कितीही उचललं तरी निघत नाही.